हातसंगणकाचे फर्मवेअर : इमेज कशी घडते, स्क्रिप्ट कशी लिहितात

एसटीच्या वाहकाच्या हातातील तिकीट यंत्र, गोदामात बारकोड वाचणारे उपकरण, घरपोच पार्सल देणाऱ्याजवळचे सही घेणारे यंत्र ही सारी एकाच कुळातील यंत्रे होत. तळहातावर मावणाऱ्या या संगणकांना पडदा, कळा आणि बॅटरी असते. पण बाजारातून सीडी आणून त्यांच्यावर नवी प्रणाली बसवावी, अशी सोय नसते. यंत्र सुरू करताच जे पडद्यावर उमटते, त्याचा पाया फ्लॅश स्मृतीत आधीच उतरवून ठेवलेला असतो. यालाच फर्मवेअर म्हणतात आणि जी एकसंध फाइल त्या स्मृतीत लिहिली जाते, तिला फर्मवेअर इमेज.

ही इमेज सहसा हातसंगणकावर तयार होत नाही. ती घडते दुसऱ्याच एखाद्या मोठ्या संगणकावर आणि ती कशी घडवायची हे सांगणाऱ्या साध्या मजकुराच्या स्क्रिप्ट फाइलींमधून. इमेज हे पीक मानले तर स्क्रिप्ट हे बियाणे आहे. उत्पादक कंपनीने यंत्राकडे पाठ फिरवली तरी बियाणे हाती असणाऱ्याला पुढचे पीक घेता येते. नुसती इमेज जपणाऱ्याला ते जवळजवळ अशक्य असते. हातसंगणकांच्या इतिहासात याचे बोलके उदाहरण आहे ते जपानच्या शार्प कंपनीच्या 'झॉरस'चे.

झॉरस आणि त्याचे वारस

शार्पने २००१च्या अखेरीस लिनक्सवर चालणाऱ्या झॉरसची, एसएल-५०००डी ही, विकासकांसाठीची आवृत्ती आणली आणि २००२ साली एसएल-५५०० हे मॉडेल ग्राहकांसाठी खुले केले. २०६ मेगाहर्ट्झचा स्ट्राँगआर्म प्रोसेसर, ६४ मेगाबाइट रॅम, १६ मेगाबाइट फ्लॅश, साडेतीन इंची पडदा आणि पुढचे झाकण खाली सरकवले की दिसणारा कळफलक, असे त्याचे स्वरूप होते. त्याच सुमारास बंगळूरमध्ये इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधील संगणकशास्त्रज्ञ आणि एन्कोर सॉफ्टवेअर यांनी मिळून घडविलेला 'सिम्प्युटर' हाही स्ट्राँगआर्म प्रोसेसर आणि लिनक्स यांवरच बेतलेला होता. त्याचे 'अमिडा' हे रूप २००४ साली बाजारात आले.

झॉरसमधील शार्पचे मूळ फर्मवेअर अनेकांना अपुरे वाटले. त्यातून 'ओपनझॉरस' हा स्वयंसेवकांचा प्रकल्प उभा राहिला. आरंभी त्याचे काम सोपे होते. शार्पची तयार इमेज उकलायची, त्यातील काही भाग बदलायचे आणि पुन्हा बांधून टाकायची. या पद्धतीची मर्यादा लवकरच लक्षात आली. कोणी नेमके काय बदलले, कोणत्या क्रमाने बदलले, याची नोंद कोठेच राहत नसे. शार्पने सुधारित इमेज काढली की सारे काम पहिल्यापासून करावे लागे.

म्हणून सर्व आज्ञावली मूळ स्रोतापासून बांधण्याचा मार्ग पत्करण्यात आला. २००३ साली ख्रिस लार्सन, मायकल लाउअर आणि होल्गर शुरिग यांच्या पुढाकाराने ओपनझॉरस, आयपॅक हातसंगणकांसाठीचे 'फॅमिलिअर लिनक्स' आणि सीमेन्सच्या सिमपॅडसाठीचा 'ओपनसिमपॅड' यांचे अनुभव एकत्र करून 'ओपनएम्बेडेड' हा सामायिक संग्रह सुरू झाला. त्यातील स्क्रिप्ट वाचून प्रत्यक्ष काम करणारे 'बिटबेक' हे साधन २००४च्या डिसेंबरात वेगळे करण्यात आले. पायथन भाषेत लिहिलेल्या या साधनाची प्रेरणा जेंटू लिनक्सच्या 'पोर्टेज'मधून घेतलेली आहे. बेक म्हणजे भाजणे. म्हणूनच या पद्धतीत स्क्रिप्टला 'रेसिपी', अर्थात पाककृती, असे नाव मिळाले.

हातसंगणकावरच का बांधत नाहीत?

सोळा मेगाबाइट फ्लॅश असलेल्या यंत्रावर कंपायलर, त्याची ग्रंथालये आणि हजारो स्रोत फाइली मावणे शक्यच नव्हते. म्हणून टेबलावरच्या इंटेल प्रोसेसरच्या संगणकावर आर्म प्रोसेसरची भाषा बोलणारी आज्ञावली तयार करावी लागते. याला क्रॉस कंपायलिंग म्हणतात. येथे एक धोका सतत डोके वर काढतो. बांधणारा संगणक आणि ज्यासाठी बांधायचे तो संगणक यांच्या फाइलींची सरमिसळ होते. एखाद्या आज्ञावलीच्या बांधणीत टेबलावरच्या संगणकाची हेडर फाइल चुकून वापरली गेली, तर कधी बांधणी अडते. कधी मात्र ती सुरळीत पार पडते आणि दोष हातसंगणकावर गेल्यावरच उघडा पडतो.

प्रोसेसरच्या पिढीचाही विचार करावा लागतो. एसएल-५५०० मधील स्ट्राँगआर्म आणि पुढच्या झॉरसमधील एक्सस्केल हे दोन्ही आर्म कुळातलेच. पण एक्सस्केलला कळणाऱ्या काही आज्ञा स्ट्राँगआर्मला कळत नाहीत. दोन्हींमध्ये अपूर्णांकांची गणिते करणारा स्वतंत्र भाग नव्हता. ती गणिते कंपायलरने घातलेल्या आज्ञांनी करायची की कर्नलच्या नकली व्यवस्थेवर सोपवायची, हे आधी ठरवावे लागे. पहिला मार्ग बराच वेगवान होता. परंतु दोन्ही मार्गांनी बांधलेल्या आज्ञावली एका यंत्रात नांदत नसत. असे निर्णय एकाच्या डोक्यात राहून भागत नाही, ते फाइलीत लिहूनच ठेवावे लागतात.

कोणत्या फाइली लागतात?

ओपनएम्बेडेडच्या पद्धतीत कामाची वाटणी पाच प्रकारच्या फाइलींमध्ये केलेली असते.

मशीन फाइल यंत्राचे वर्णन करते. प्रोसेसर कोणता, कर्नल कोणते, फ्लॅशचा प्रकार कोणता, पडदा व सीरियल पोर्ट कसे आहेत, हे तीत येते. झॉरसच्या मॉडेलांना येथे श्वानकुळाची नावे आहेत. एसएल-५५०० म्हणजे 'कॉली', एसएल-५६०० म्हणजे 'पूडल', सी-७०० म्हणजे 'कॉर्गी', सी-१००० म्हणजे 'अकिता' आणि सी-३००० म्हणजे 'स्पिट्झ'.

डिस्ट्रो फाइल धोरण ठरवते. कोणता कंपायलर, कोणते सी ग्रंथालय, पॅकेजचा कोणता प्रकार, हे निर्णय येथे होतात. यंत्र बदलले तरी धोरण तेच राहू शकते.

रेसिपी फाइल एका आज्ञावलीपुरती असते. संपादक, ब्लूटूथची साधने, एखादा टंक, कर्नल, प्रत्येकाची रेसिपी वेगळी.

क्लास फाइल अनेक रेसिपींना लागणारी सामायिक कृती एकदाच लिहून ठेवते. ऑटोटूल्सवर चालणाऱ्या शेकडो आज्ञावलींच्या रेसिपी त्यामुळे काही ओळींतच आटोपतात.

इमेज फाइल शेवटी ताटात काय वाढायचे ते सांगते. तीत पॅकेजांची यादी असते.

याशिवाय बांधणाऱ्याच्या संगणकावर 'लोकल डॉट कॉन्फ' ही फाइल असते. कोणत्या मशीनसाठी बांधायचे, उतरवलेले स्रोत कोठे ठेवायचे, एका वेळी किती कामे चालवायची, अशा स्थानिक गोष्टी तीत लिहितात. यंत्राविषयीची किंवा आज्ञावलीविषयीची कायमची गोष्ट या फाइलीत लिहू नये, असा संकेत आहे. कारण ही फाइल सहसा दुसऱ्याकडे जात नाही आणि तिच्यात दडलेली दुरुस्ती दुसऱ्याच्या बांधणीत हरवते.

रेसिपीची रचना

रेसिपीच्या फाइलनावातच आज्ञावलीचे नाव आणि आवृत्ती असते. दोहोंमध्ये एक अंडरस्कोअर असतो व शेवटी 'डॉट बीबी' हा प्रत्यय लागतो. अंडरस्कोअरच्या पुढचा भाग आवृत्ती मानला जात असल्याने आज्ञावलीच्या नावात तो वापरत नाहीत, आडवी रेघ वापरतात.

आत पहिल्यांदा वर्णन आणि परवाना येतो. त्यानंतर 'एसआरसी-यूआरआय' या नावाखाली स्रोत कोठून आणायचा ते लिहितात. स्रोताचा पत्ता आणि त्यावर चढवायच्या पॅच फाइलींची नावे, दोन्ही येथेच येतात. आणलेली फाइल तीच आहे ना, हे पडताळण्यासाठी तिचा चेकसम द्यावा लागतो. पूर्वी एमडी-५ पद्धतीचा चेकसम पुरेसा मानला जाई. आता शा-२५६ वापरतात.

मग येते अवलंबित्व. नवशिक्यांचा सर्वाधिक गोंधळ येथे होतो, कारण ते दोन प्रकारचे आहे. 'डिपेंड्स' म्हणजे बांधताना काय लागते आणि 'आरडिपेंड्स' म्हणजे चालवताना काय लागते. पुरणपोळी करायला पुरणयंत्र लागते, खायला तूप लागते. पुरणयंत्र ताटात वाढायचे नसते आणि तुपावाचून पुरण वाटायचे अडत नाही. बांधणीसाठी लागणारी साधने चुकून इमेजमध्ये गेली तर मोलाची जागा वाया जाते. चालवताना लागणारी वस्तू राहून गेली तर आज्ञावली यंत्रावर उघडतच नाही. सामायिक ग्रंथालये मात्र बिटबेक पुष्कळदा स्वतःच ओळखते आणि चालवतानाच्या यादीत घालते. पर्ल किंवा पायथनमधील स्क्रिप्ट, टंक, कर्नलचे मोड्यूल यांच्याबाबतीत लिहिणाऱ्यालाच दक्ष राहावे लागते.

शेवटी कृती. आणणे, उकलणे, पॅच चढवणे, जुळवणी करणे, कंपाइल करणे, बसवणे आणि पॅकेज बांधणे हा ठरलेला क्रम आहे. क्लास फाइलीमुळे बहुतेक पायऱ्या आपोआप होतात. जेथे आज्ञावली वेगळ्या वळणाची असेल, तेवढीच पायरी रेसिपीत शेल स्क्रिप्टच्या भाषेत लिहितात. 'बसवणे' या पायरीत एक पथ्य काटेकोरपणे पाळावे लागते. फाइली बांधणाऱ्या संगणकाच्या मूळ फोल्डरात न ठेवता 'डी' या चलाने दाखवलेल्या तात्पुरत्या फोल्डरातच ठेवायच्या असतात. तेथूनच पुढे त्यांची पॅकेजे बनतात.

पॅकेज बांधताना बिटबेक एका आज्ञावलीचे अनेक तुकडे करते. चालवायचा भाग वेगळा, हेडर फाइली वेगळ्या, कागदपत्रे वेगळी, दोषशोधनाची माहिती वेगळी. इमेजमध्ये साधारणतः पहिलाच तुकडा जातो. सोळा मेगाबाइटमध्ये कर्नल, ग्रंथालये, खिडक्यांची व्यवस्था, वही, दिनदर्शिका असा संसार मावत असे, त्यामागे ही काटछाट होती.

बिटबेक चालते तेव्हा

इमेजचे नाव देऊन बिटबेक चालवले की ते प्रथम सर्व रेसिपी वाचते. इमेजला काय हवे, त्या प्रत्येकाला काय हवे, असे मागे मागे जात ते कामांचा आलेख तयार करते. टोकाशी असतो तो क्रॉस कंपायलर. तोही रेसिपीतूनच बांधला जातो. मग सी ग्रंथालय, मग इतर ग्रंथालये, मग आज्ञावली आणि सर्वांत शेवटी मूळ फाइलप्रणालीची बांधणी.

पहिल्या बांधणीला कित्येक तास लागत. पुढच्या वेळी जे बदलले नाही ते पुन्हा बांधले जात नाही. पूर्वी यासाठी रेसिपीतील 'पीआर' हा फेरक्रमांक हाताने वाढवावा लागे. तो वाढवायचा राहिला की रेसिपी बदलूनही यंत्रावर जुनेच पॅकेज राही. आता प्रत्येक कामाला लागणाऱ्या सर्व माहितीची एक सही काढली जाते. सही बदलली की काम पुन्हा होते. वेळ वाचला तरी जागेची भूक वाढली आहे. आजच्या बांधणीसाठी १०० जीबीहून अधिक मोकळी जागा ठेवण्याची शिफारस केली जाते.

फाइलप्रणाली तयार झाली की ती फ्लॅशला मानवेल अशा साच्यात ओतावी लागते. झॉरससाठी 'जेएफएफएस-२' ही फाइलप्रणाली वापरत. फ्लॅश स्मृतीत एकेक बाइट पुसता येत नाही. ठरावीक आकाराचा ठोकळाच पुसावा लागतो. लहान पानांच्या नँड फ्लॅशमध्ये हा ठोकळा १६ किलोबाइटचा, तर मोठ्या पानांच्या फ्लॅशमध्ये सामान्यतः १२८ किलोबाइटचा असतो. हा आकडा मशीन फाइलीत चुकला, तर इमेज बिनतक्रार तयार होते; चुकीचा परिणाम यंत्र सुरू करताना दिसतो.

इमेज चढवण्याची घटका

इमेज तयार झाल्यावर ती यंत्रावर चढवणे ही खरी कसोटी. एसएल-५५०० साठी कर्नलची आणि फाइलप्रणालीची, अशा दोन फाइली कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्डावर ठेवत. यंत्राला चार्जर जोडून सी आणि डी या कळा एकत्र दाबून धरायच्या आणि रिसेटचे बटण दाबायचे. दोन्ही दिवे लागत आणि लिहिणे संपले की विझत. मधल्या काळात वीज गेली तर अर्धवट लिहिलेले यंत्र सुरू होत नसे. अशा निपचित यंत्राला जाणकारांच्या बोलीत 'वीट' म्हणतात.

घडीच्या झॉरसमध्ये हे काम 'अपडेटर डॉट एसएच' या शेल स्क्रिप्टकडे होते. यंत्र कार्डावरील ही स्क्रिप्ट चालवी आणि स्क्रिप्ट फ्लॅशच्या योग्य विभागात लिहीत असे. या मालिकेत कर्नलसाठी राखलेली जागा १२,९४,३३६ बाइट एवढीच होती. कर्नल त्याहून मोठे निघाले तर ते शेजारच्या विभागावर सांडू नये, म्हणून स्क्रिप्ट आधी आकार तपासून मोठे कर्नल नाकारत असे. हीच मर्यादा ओपनएम्बेडेडच्या मशीन फाइलीतही नोंदवलेली होती, त्यामुळे चूक यंत्रापर्यंत पोचण्याआधी बांधणीतच पकडली जाई.

चढवण्याची स्क्रिप्ट लिहिणाऱ्याने काय करावे, याचे हे चांगले उदाहरण आहे. मॉडेल ओळखावे, फाइलीचा आकार तपासावा, शंका असेल तर काहीही न लिहिता थांबावे. घडीच्या झॉरसमध्ये डी आणि एम या कळांनी उघडणाऱ्या तपासणी यादीतून संपूर्ण नँड फ्लॅशची प्रत कार्डावर घेता येत असे. नवी इमेज चढवण्याआधी ही प्रत घेणे हा शहाणपणाचा पहिला नियम होता.

नेहमी होणाऱ्या चुका

रेसिपी लिहिताना होणाऱ्या चुका बहुधा क्षुल्लक दिसतात. इमेजच्या यादीला एखादे पॅकेज जोडण्यासाठी 'अपेंड' वापरतात. ही क्रिया केवळ मजकुराला मजकूर चिकटवते. नव्या नावाआधी रिकामी जागा सोडली नाही तर यादीतील शेवटचे नाव आणि नवे नाव एक होऊन जाते आणि असे पॅकेजच नाही, अशी तक्रार येते. तक्रारीतील जोडनाव नीट वाचले तर चूक तेथेच सापडते.

दुसरी चूक जुन्या स्क्रिप्टमधून येते. २०२१ साली योक्टोच्या ३.४ आवृत्तीपासून 'अपेंड'सारख्या शब्दांआधीच्या अंडरस्कोअरची जागा अपूर्णविरामाने घेतली. त्यापूर्वी लिहिलेली रेसिपी नव्या बिटबेकला जशीच्या तशी देता येत नाही.

तिसरी चूक 'सर्वांत ताजा स्रोत घ्या' असे लिहिण्याची. आज बांधलेली इमेज आणि महिन्याने बांधलेली इमेज त्यामुळे वेगळ्या निघतात आणि दोष नेमका कोठून आला ते कळत नाही. आवृत्ती किंवा स्रोताचा नेमका क्रमांक लिहून ठेवणे हाच उपाय.

चौथी चूक कंपाइल करताना आज्ञावलीला महाजालावरून काही उतरवू देण्याची. हे उतरवणे चेकसमच्या तपासणीबाहेर राहते. २०२२ साली आलेल्या योक्टोच्या ४.० आवृत्तीपासून स्रोत आणण्याची पायरी वगळता इतर पायऱ्यांना महाजालाची दारे मुळातच बंद ठेवलेली आहेत.

पाचवी बाब चुकीपेक्षा दुर्लक्षाची. स्रोत ज्या संकेतस्थळावर होता ते संकेतस्थळच नाहीसे होते. रेसिपी अचूक असूनही बांधणी पहिल्याच पायरीवर अडते. उतरवलेले स्रोत ठेवण्याचा फोल्डर पुसून न टाकता जपला, तर ही वेळ येत नाही.

परवाना काय सांगतो?

स्क्रिप्ट हा तंत्रज्ञांच्या सोयीचा भाग आहे, असे मानण्याची चूक अनेकदा होते. लिनक्स कर्नल ज्या परवान्याखाली दिले जाते, त्या जीएनयू जनरल पब्लिक लायसन्सच्या १९९१ सालच्या दुसऱ्या आवृत्तीत 'संपूर्ण स्रोत' या शब्दाची व्याख्या दिली आहे. आज्ञावलीचे कंपाइल करणे आणि ती बसवणे यांचे नियंत्रण करणाऱ्या स्क्रिप्टही त्या व्याख्येत येतात. म्हणजेच असे फर्मवेअर असलेले यंत्र विकणाऱ्याने नुसत्या सी भाषेतील फाइली देऊन भागत नाही. मशीन फाइलीविना आणि रेसिपीविना दिलेला स्रोत म्हणजे प्रमाण न सांगता दिलेली सामग्रीची पिशवी.

युरोपीय संघाने २०२४ साली संमत केलेल्या सायबर रेझिलियन्स ॲक्टमुळे या नोंदींना आणखी महत्त्व आले आहे. उत्पादनात कोणकोणते सॉफ्टवेअर घटक आहेत याची यादी ठेवणे आणि ठरावीक काळ सुरक्षा दुरुस्त्या पुरवणे ही जबाबदारी त्याने उत्पादकांवर टाकली आहे. त्यातील मुख्य तरतुदी डिसेंबर २०२७ पासून लागू व्हायच्या आहेत. रेसिपीमध्ये नाव, आवृत्ती, परवाना आणि स्रोत लिहिलेले असले की ही यादी बांधणीबरोबरच तयार करता येते.

कंपनी गेली, स्क्रिप्ट उरल्या

शार्पने २००७ साली झॉरसचे उत्पादन थांबवले. त्याच वर्षी ओपनझॉरसनेही काम संपल्याचे जाहीर केले. पण त्याच्या रेसिपी वाया गेल्या नाहीत. त्यांचा वारसा 'ऑंगस्ट्रॉम' या वितरणाकडे गेला. झॉरसच्या कर्नलवर काम केलेले रिचर्ड पर्डी यांनी ओपन्डहँड या कंपनीत असताना ओपनएम्बेडेडवरून 'पोकी' हा संच घडवला. २००८ साली इंटेलने ही कंपनी घेतली आणि २०१० साली लिनक्स फाउंडेशनने 'योक्टो' प्रकल्प जाहीर केला. योक्टो हा मोजमापातील सूक्ष्म उपसर्ग आहे. दहाचा उणे चोविसावा घात. मोटारींसाठीचे ऑटोमोटिव्ह ग्रेड लिनक्स आणि एलजीचे वेबओएस यांची बांधणी आज याच पद्धतीने होते. एका बंद पडलेल्या हातसंगणकासाठी बसवलेली घडी अशा रीतीने मोटारी आणि दूरचित्रवाणी संचांपर्यंत पोचली.

झॉरस आणि आयपॅकच्या मशीन फाइली पुढे 'मेटा-हँडहेल्ड' या स्वतंत्र थरात ठेवण्यात आल्या. २०२३ साली लिनक्स कर्नलच्या ६.३ आवृत्तीतून वापरात नसलेल्या अनेक जुन्या आर्म उपकरणांच्या फाइली वगळण्यात आल्या. अशा वेळी रेसिपीत कर्नलची जुनी आवृत्ती नेमकी लिहिलेली असेल, तर यंत्र अनाथ होत नाही. हाच विचार २०१७ साली सुरू झालेल्या 'पोस्टमार्केटओएस' या प्रकल्पामागेही आहे. उत्पादकांनी सोडून दिलेल्या फोनांसाठी तो अल्पाइन लिनक्सच्या पद्धतीच्या बांधणी स्क्रिप्ट सांभाळतो.

मराठी पडद्यावर यायची असेल तर

हातसंगणकावर मराठी मजकूर दिसावा, यासाठीही स्क्रिप्टमध्येच तजवीज करावी लागते. देवनागरी टंक इमेजच्या यादीत घालणे ही पहिली पायरी. लोहित टंकांची रेसिपी ओपनएम्बेडेडच्या संग्रहात आहे. पण टंक असला म्हणजे झाले, असे नाही. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी दाखवणे, जोडाक्षरे जुळवणे, रफार योग्य जागी नेणे हे काम हार्फबझसारखे ग्रंथालय करते. जागा वाचवण्यासाठी ते वगळले, तर अक्षरे दिसतात. शब्द मात्र मोडलेले दिसतात. तिकीट किंवा पावती मराठीत छापणाऱ्या यंत्राच्या बाबतीत हा फरक गौण म्हणता येणार नाही.

जपून काय ठेवावे?

एखादी संस्था, नगरपालिका किंवा परिवहन सेवा शेकडो हातसंगणक विकत घेते तेव्हा करारात यंत्रांची संख्या, बॅटरीची हमी आणि दुरुस्तीची मुदत लिहिलेली असते. फर्मवेअरसाठी चार गोष्टी मागून घेणे तितकेच आवश्यक आहे. सर्व रेसिपी, मशीन फाइल आणि इमेज फाइल. प्रत्येक स्रोताची प्रत व त्याचा चेकसम. बांधणीसाठी वापरलेल्या साधनांच्या आवृत्त्या. आणि इमेज यंत्रावर चढवण्याची स्क्रिप्ट. यंत्र फक्त सही केलेलीच इमेज स्वीकारत असेल, तर सहीच्या किल्लीचे काय, याचेही उत्तर करारात हवे.

ही सामग्री हाती आल्यावर ती तपासण्याची रीत एकच आहे. ज्या संगणकावर यापूर्वी काहीही बांधलेले नाही, अशा संगणकावर महाजालाची जोडणी तोडून, केवळ मिळालेल्या फाइलींवरून इमेज बांधून पाहावी आणि ती एका यंत्रावर चढवून यंत्र सुरू होते का ते पाहावे. ते सुरू झाले तर सामग्री पूर्ण आहे. बांधणी अडली तर काय राहून गेले ते बिटबेकच ओळीगणिक सांगते आणि पुरवठादार अजून दाराशी असतो, तोवरच ते मागून घेता येते.